पहिल्या धारेतला सरडा

आमच्या मार्गदर्शक सरांना माझा राग का येत असे ते मला ठाऊक आहे. मला त्यांचा राग का येतो तेही ठाऊक आहे, आणि तो अजून येतो. वय झालं की माणसं माफ करतात म्हणे. मी केलेलं नाही. त्यामुळे हे वाचताना माझ्याकडून कुणी दोन्ही बाजूंची अपेक्षा ठेवू नये. त्यांची बाजू मांडायला त्यांच्याकडे तीस वर्षं फळा होता, खडू होता आणि दारावर पाटी असलेली केबिन होती.

मी नाशिकजवळच्या मळ्यात वाढले. गुलाब, झेंडू, मेथी, कोथिंबीर. वडील माल घेऊन पंचवटीच्या बाजारात जायचे, आई दिवसभर वाफ्यात. घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. अख्ख्या भावकीत कॉलेजची पहिली डिग्री माझी, हे मी छाती पुढे काढून सांगते. नव्वदच्या दशकात बी.एस्सी. झाले, मग प्राणिशास्त्रात एम.एस्सी., आणि दोन हजार साल उलटल्यावर एम.फिल.ला नाव घातलं. एम.फिल. झालं की सीनियर कॉलेजात लेक्चरर व्हायची वाट मोकळी होत होती. आमच्याच कॉलेजात एक जागा निघणार असल्याची कुजबुज होती. मला ती जागा हवी होती. माझी अडचण काय आणि माझा लोभ काय, ते एवढंच.

सर विभागप्रमुखही होते आणि माझे मार्गदर्शकही. पुण्याच्या एका प्रयोगशाळेशी त्यांचं काहीतरी जुळलं होतं. तिकडच्या लोकांना सरड्याचे गर्भ हवे होते आणि बदल्यात ते आमच्या विद्यार्थ्याला त्यांची यंत्रं वापरू देणार होते. सरांनी वर्गात येऊन विचारलं, "सरडे कुणाच्या घरी आहेत?" सगळे हसले. मी हात वर केला. "वा," सर म्हणाले, "शेवटी मळ्याचाही विद्यापीठाला उपयोग झाला."

विषय मात्र मला मनापासून आवडला, हे कबूल करायला हवं. प्राण्याच्या अंगात डोकं कुठे, मान कुठे संपते, छाती कुठे सुरू होते, शेपूट कुठून फुटतं, हे ठरवणारं जनुकांचं एक कुटुंब असतं. ती सगळी जनुकं गुणसूत्रावर ओळीने बसतात, आणि ओळ तीच जी अंगाची: डोक्याकडची एका टोकाला, शेपटीकडची दुसऱ्या. माशीत अशी एक ओळ. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या पूर्वजात अख्खी ओळ दुप्पट झाली, मग पुन्हा दुप्पट, म्हणून सरड्यात नि माणसात चार ओळी. आणि आपण बाजारात घेतो त्या माशांच्या पूर्वजात तीच ओळ आणखी एकदा दुप्पट झाली. चाराच्या आठ. मग कोट्यवधी वर्षांत त्यातल्या काही प्रती झिजल्या, काही गळाल्या, काहींनी दुसरं काम धरलं.

मला शेपटीकडचं एकच जनुक पकडायचं होतं. रोहू माशात त्याच्या किती प्रती उरल्या आणि बागेतल्या सरड्यात किती, एवढं शोधायचं. माशात आठपैकी किती, सरड्यात चारपैकी किती. ऐकायला पोरखेळ वाटतो.

आईला मी हे एकदा मेथीच्या जुड्या बांधताना सांगितलं. ती म्हणाली, "एकाच्या आठ कशाला लागतात गं?"

"लागत नाहीत. होऊन जातात. मग उरलेल्यांचं काय करायचं तो प्रश्न."

"त्यात काय प्रश्न? घरात दोन खुरपी झाली की एक वाफ्यात राहतं, दुसऱ्यानं नारळ फोडतात. तिसरं कुठं गेलं ते कुणी विचारतबी नाय."

यावर पुढे मी इंग्रजीत जाडजूड प्रकरणं वाचली. त्यांत आईपेक्षा जास्त काही होतं, पण फार जास्त नव्हतं.

सरड्याची मादी आषाढ-श्रावणात भुसभुशीत वाफा बघून खड्डा करते, दहा-वीस अंडी घालते आणि वरून माती इतकी बेमालूम थापते की शास्त्रज्ञाला ती जागा दिसणं शक्य नाही. माझ्या आईला दिसायची. खुरपणी करताना ती एका ठिकाणी थांबायची, बोटाने माती दाबायची आणि म्हणायची, "हितं हाय बघ." आधी ती अंडी बांधावर टाकून द्यायची. त्या वर्षी तिने सगळ्या बायकांना ताकीद दिली, की पांढरं लांबट अंडं दिसलं तर हात लावायचा नाही, माझ्या पोरीचं आहे.

अंडी मिळणार हे पक्कं होतं. पण पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमनी यंत्रावरची तारीख दिली होती दिवाळीनंतरची, आणि अंड्यातून पिल्लू दोन महिन्यांत बाहेर येतं. म्हणजे गर्भ काढून तोवर टिकवून ठेवायला हवेत. ते कशात ठेवायचे, इथून सगळं बिघडायला लागलं.

आमच्या विभागात प्राणी म्हटला की फॉर्मॅलिन. बेडूक, साप, विंचू, दोन डोक्यांचं वासरू, सगळं फॉर्मॅलिनच्या बरण्यांत. पिढ्यान्‌पिढ्या हीच पद्धत. फॉर्मॅलिनने मांस टिकतं, आकार टिकतो, पण आतली जनुकांची अक्षरं एकमेकांना चिकटून बसतात, मग ती वाचता येत नाहीत. पुण्याहून मॅडमनी बजावलं होतं: तीव्र अल्कोहोल, दुसरं काहीही नाही. अल्कोहोल विभागात होतं. सरांच्या केबिनमध्ये लोखंडी कपाटात होतं, आणि किल्ली सरांच्या जानव्याला नसेल, पण खिशात नक्की होती.

मी केबिनमध्ये गेले. दोन ज्युनियर मॅडम समोर चहा पीत बसल्या होत्या.

"सर, स्पिरिट हवं होतं. अर्धा लिटर."

"कशाला?"

"गर्भ ठेवायला. पुण्याहून तसं सांगितलंय."

"फॉर्मॅलिन आहे की."

"फॉर्मॅलिनमधून डीएनए नीट निघत नाही, सर."

"अस्सं. म्हणजे तीस वर्षं आम्ही इथे लोणचं घालत होतो."

चहा पिणाऱ्या मॅडमपैकी एक हसली. सरांनी चष्मा काढला.

"हे बघ. त्याचं परमिट एक्साइजचं असतं, माझ्या सहीचं. आणि मळ्यातल्या घरात अर्धा लिटर स्पिरिट गेलं की त्यातलं सरड्यापर्यंत किती पोचतं, ते मला कुणी शिकवायला नको."

माझे वडील सुपारीसुद्धा खात नाहीत. हे मी सरांना सांगितलं नाही. का सांगावं? ज्याने विचारलेलंच नाही त्याला आपल्या बापाचं कॅरेक्टर सर्टिफिकेट का दाखवावं?

"मग इथेच ठेवते, सर. लॅबमध्ये. तुमच्या डोळ्यांसमोर."

"बघू."

त्या 'बघू'ला मी तीन आठवडे बघितलं. दर सोमवारी केबिनच्या दारात उभी राहायची. एकदा मीटिंग होती, एकदा किल्ली घरी राहिली होती, आणि एकदा सर म्हणाले, "फार घाई आहे तुला. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, हे लक्षात ठेव." बाहेर कॉरिडॉरमध्ये विद्यार्थी उभे होते. त्यांनी ते ऐकलं आणि पुढचं वर्षभर मला बघून 'कुंपण' म्हणायचे.

तोवर वाफ्यात अंडी मिळाली होती. दोन ठिकाणी, मिळून चौतीस. मी ती ओल्या मातीत घालून पाटीत ठेवली होती आणि आतले जीव दिवसादिवसाने वाढत होते. गर्भाला परमिट कळत नाही. आणखी थांबले असते तर हातात गर्भ नाही, पळणारी पिल्लं आली असती.

आता मी काय केलं ते सांगते, आणि त्यात माझं कौतुक नाही. केमिस्ट्री विभागात मागता आलं असतं. तिथले सर भले होते, त्यांनी दिलंही असतं. पुण्याला फोन करता आला असता. मी दोन्ही केलं नाही. माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: मळ्यातल्या घरात. बरं, मळ्यातल्या घरात तर मळ्यातल्या घरात.

आमच्याकडे पेठकडची एक बाई हंगामाला मजुरीला यायची. मी तिला मावशी म्हणायची. तिच्या गावाकडे मोहाची झाडं आणि घरोघर भट्ट्या. मी तिला बाजूला घेतलं.

"मावशी, पहिल्या धारेची मिळेल का? दोन बाटल्या."

तिने खुरपं खाली ठेवलं. "कोणाला गं?"

"आहे कुणाला तरी. वडिलांना सांगू नकोस."

"बापाला सांगू नको म्हंतीस. लगीन ठरलं नाय तुझं. मग पिणार कोण?"

"सरडे."

"सरडे?"

"सरड्याची पिल्लं. अंड्यातली. दिवाळीपर्यंत ठेवायचीत."

मावशीने खुरपं परत उचललं आणि म्हणाली, "माझा नवरा तिच्यात सात वरसं टिकला. पिल्लं टिकतील."

पुढच्या सोमवारी तिने गाठोड्यातून पाण्याच्या दोन प्लास्टिकच्या बाटल्या काढल्या. वास असा, की झेंडू फिका पडावा. तिने अंगणातल्या दगडावर चमचाभर ओतली आणि काडी लावली. निळी ज्योत दगडभर पळाली. "पेटली," ती म्हणाली, "म्हंजी पहिल्या धारेची. पेटली नाय तर पाणी." माझ्याकडे तीव्रता मोजायचं दुसरं साधन नव्हतं. विभागात होतं, त्याच कपाटात.

मी चौतीसपैकी तीस अंडी उघडली. वाटाण्याएवढे जीव, डोळे काळे, शेपूट घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं. मोहाच्या दारूत घातले, दुसऱ्या दिवशी दारू बदलली, कारण गर्भातलं पाणी उतरून ती पातळ होते, आणि बरण्या धान्याच्या कोठीमागे ठेवल्या. चौथ्या दिवशी वडील घरात नाक वर करून फिरले.

"घरात कोण प्यायला लागलं?"

"तुमची एम.एस्सी.," आई म्हणाली.

दिवाळीनंतर मी बरण्या आणि थर्मासमध्ये बर्फावर ताज्या रोहूचे तुकडे घेऊन एस.टी.ने पुण्याला गेले. मॅडमनी बरणीचं झाकण उघडलं आणि मान मागे घेतली.

"हे कुठलं अल्कोहोल?"

"नाशिककडचं."

"नाशिकच्या वाईनला असा वास येतो?" त्या हसल्या, आणि कामाला लागल्या. मीही हसले. खोटं तिथून सुरू झालं होतं, सरांच्या आधी, आणि ते माझं होतं.

पाच आठवडे मी तिथे राहिले. माशाचा डीएनए जेलवर, म्हणजे लांब-आखूड तुकडे वेगळे करणाऱ्या थरावर, चालवला तर वरच्या बाजूला एकच घट्ट, ठसठशीत पट्टा. सरड्याचा मात्र वरपासून खालपर्यंत फराटा, ओल्या शाईवरून तळहात फिरवावा तसा. म्हणजे तुकडे तुकडे झालेला. त्यातूनही काही वाचता आलं. माशात त्या जनुकाच्या सहा प्रती मिळाल्या. आठातल्या दोन गळालेल्या, आणि अशीच गळती दुसऱ्या माशांतही दिसत होती. सरड्यात तीन.

तीन. चार नाहीत.

नाशिकला येऊन आकडे सरांपुढे ठेवले. पहिल्यांदा त्यांनी मला बस म्हटलं. चहा सांगितला. "सरड्याने एक प्रत गमावली," ते म्हणाले. "अगं, ही मोठी गोष्ट आहे. शेपूट टाकून पळणारा प्राणी आणि शेपटीकडचं जनुकच टाकून दिलं त्याने!"

सरडा शेपूट टाकत नाही. पाल टाकते. मळ्यातल्या कुठल्याही पोराला हे माहीत असतं. मी ते सांगितलं. चहा यायच्या आत चेहरा बदलला.

"आणि सर, चौथी प्रत नाहीच असं म्हणता येणार नाही. डीएनए फाटलेला आहे. एखादी प्रत फाटून गेली असेल."

"फाटला कसा? स्पिरिटमध्ये ठेवले होतेस ना?"

"तुम्ही स्पिरिट दिलं नव्हतं."

"मग कशात ठेवलेस?"

"मोहाच्या दारूत. पहिल्या धारेच्या."

ते आधी हसले, खरोखर हसले, टेबलावर हात आपटून. मग हसणं संपलं. "मी म्हणत होतो ना," ते म्हणाले, "मळ्यातल्या घरात." मला वाटलं होतं की हे सांगताना माझी जीत होईल. त्यांचा अंदाज खरा ठरला होता, एवढंच झालं. माझ्या हाताने ठरला होता.

मी प्रबंध लिहिला. पद्धतीच्या प्रकरणात सरळ लिहिलं की गर्भ मोहाच्या फुलांच्या गावठी दारूत जतन केले, तीव्रता मोजलेली नाही. निष्कर्षात लिहिलं: सरड्यात तीन प्रती आढळल्या, चौथीबद्दल सांगता येत नाही. सरांनी दोन्ही ठिकाणी लाल शाईने काट मारली. वर लिहिलं 'ॲब्सोल्यूट अल्कोहोल', आणि खाली लिहिलं 'चौथी प्रत उत्क्रांतीत नष्ट झाली आहे'.

"सर, हे खरं नाही."

"कुठलं? तीन आल्या ना?"

"तीन आल्या म्हणजे चौथी नाही असं होत नाही. अंधारात तीन माणसं दिसली म्हणजे चौथा घरी आहे असं थोडंच?"

"तत्त्वज्ञान नको. आमच्या विभागात हातभट्टी वापरतात असं छापू? उद्या ही बातमी होईल. जागेची जाहिरात पुढच्या महिन्यात आहे. सही हवी आहे ना तुला?"

मी घरी आले. दोन दिवस वाफे खुरपले. मग टायपिंग करणाऱ्याकडे जाऊन ती दोन्ही पानं बदलून घेतली. सरांनी माझा हात धरला नव्हता. बंदूक लावली नव्हती. मला जागा हवी होती आणि मी सरड्याचं एक जनुक विकलं. मला ज्यांचा राग येतो त्या यादीत त्या महिन्यातली मी पण आहे.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले होते. उतारवयाचे, जाड भिंगांचे, जन्मभर माशांवर काम केलेले. त्यांनी माशाचा भाग झरझर उलटला आणि म्हणाले, "हे छान आहे. स्वच्छ." सरांनी मान डोलावली, जणू मासा त्यांनीच पकडला होता. मग परीक्षकांनी सरड्याच्या जेलचा फोटो उघडला आणि तिथेच थांबले. फोटो बदलायचं सरांच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांना तो वाचता येत नव्हता.

"बाई, हे गर्भ कशात ठेवले होते?"

"ॲब्सोल्यूट अल्कोहोलमध्ये," सर म्हणाले.

"मी बाईंना विचारलं."

भिंतीवरचा पंखा करकरत होता. मी त्या फराट्याकडे बघितलं. पाच आठवडे मी त्याच्याशी झगडले होते, मला तो माझ्या हस्ताक्षरासारखा ओळखू येत होता. आणि प्रबंधात मी लिहिलं होतं की तो दुसऱ्या कुणाचा तरी आहे.

"मोहाच्या दारूत, सर."

"ती घाबरली आहे," आमचे सर म्हणाले. "मुलींचं असं होतं."

"पहिल्या धारेची होती?" परीक्षकांनी शांतपणे विचारलं.

"हो."

"पेटवून बघितली होती?"

"हो, सर. निळी पेटली."

"मग पन्नास-साठ टक्के असेल. त्यातून तीन वाचल्यात म्हणजे हात बरा आहे तुमचा." त्यांनी निष्कर्षाचं पान उघडलं. "मग हे 'नष्ट झाली आहे' कुठून आलं?"

मी आमच्या सरांकडे बघितलं. नकळत बघितलं.

"त्यांच्याकडे काय बघता?" परीक्षक म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण मला तो अजून टोचतो. "पहिल्या पानावर नाव कुणाचं आहे? दारूत ठेवलं, हरकत नाही. गरज पडली तर माणूस कशातही ठेवतो. पण दारू लपवली की हा निष्कर्ष खोटा होतो. उद्या कुणीतरी दूर देशात बसून हे वाचेल आणि सरड्याच्या वंशावळीत एक भोक पाडेल. तुमच्या दोन शब्दांमुळे."

मला रडू आलं नाही. राग आला. सरांचा आला, परीक्षकांचाही आला, कारण ते बरोबर होते आणि बरोबर असणं त्यांना परवडत होतं. त्यांना कुठे जागा हवी होती?

प्रबंध परत आला. शेऱ्यात लिहिलं होतं: सरड्याचा भाग ताज्या नमुन्यांवर, विभागाकडील अल्कोहोल वापरून पुन्हा करावा. 'विभागाकडील' या शब्दाखाली त्यांनी रेघ मारली होती. त्यांना कपाटाबद्दल कुणी सांगितलं, मला माहीत नाही. मी नाही. बहुतेक सगळ्या विभागांत तसलं एक कपाट असतं.

पण अंडी पुढच्या पावसाळ्यात येणार. म्हणजे वर्ष गेलं. दरम्यान जाहिरात आली, मुलाखती झाल्या, जागा भरली. मी अर्जही करू शकले नाही. वडील एवढंच म्हणाले, "मळा आहे ना?" त्यांना धीर द्यायचा होता. मी त्यांच्यावर ओरडले. त्याची मला लाज वाटते.

पुढच्या श्रावणात सरांना कपाट उघडावं लागलं. लेखी शेरा होता, पर्याय नव्हता. आत अकरा बाटल्या होत्या, सीलबंद, वर बोटभर धूळ. कित्येक वर्षांत एक फुटली नव्हती. कुणी प्यायलं नव्हतं, कुणी वापरलंही नव्हतं. त्यांनी स्वतः एक बाटली मोजपात्रात ओतली, डोळ्यांच्या रेषेत धरून, सोनं मोजतात तशी.

"लॅबबाहेर न्यायची नाही."

"नाही नेणार."

"वास घेऊन बघेन मी रोज."

"घ्या."

ते खरंच घ्यायचे. दर दुपारी येऊन बरणीचं झाकण उघडायचे, नाक लावायचे आणि पातळी बघायचे. प्राणिशास्त्राचे प्रमुख, तीस वर्षांचा अनुभव, आणि सरड्याच्या गर्भावर वाकून दारूचा हिशेब बघणारे. मी समोर बसून टिपणं काढत असायची.

पुण्यात यावेळी सरड्याचा पट्टा माशासारखाच आला, वर, घट्ट. मी एकेक तुकडा वेगळा करून वाचला. पहिली प्रत, दुसरी, तिसरी, त्याच जुन्या. चौथ्या आठवड्यात एक तुकडा आला जो त्या तिघींशी जुळेना. मॅडमनी बाजूला बसून अक्षरं लावून बघितली. जमिनीवरच्या इतर प्राण्यांत जी चौथी प्रत असते, तिचीच ही सरड्यातली बहीण. पूर्ण, धडधाकट, जागच्या जागी.

सरड्याने काहीही गमावलेलं नव्हतं. गमावलं होतं आम्ही, दारूत, आणि मग त्याच्या नावावर खपवायला निघालो होतो.

मी दोन्ही पानं पुन्हा लिहिली. पहिल्या वर्षीचे गर्भ मोहाच्या दारूत ठेवले होते, त्यातून तीन प्रती मिळाल्या. दुसऱ्या वर्षीचे तीव्र अल्कोहोलमध्ये, त्यातून चार. फरक जतनाचा आहे, प्राण्याचा नाही. दोन्ही जेलचे फोटो शेजारी शेजारी लावले. ज्याला वाचता येतं त्याने वाचावं.

सही घ्यायला केबिनमध्ये गेले. सरांनी पान बराच वेळ वाचलं. मोहाची ओळ आली तिथे पेन टेकवून ठेवलं.

"हे काढता येईल. आता चार आल्यात. पहिल्या वर्षाचं सांगायची गरजच काय?"

ते खरं होतं. गरज नव्हती. काढलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं, आणि मला वाटतं की त्या क्षणी ते माझ्यावर उपकार करू बघत होते, त्यांच्या परीने.

"राहू दे, सर."

"लायब्ररीत राहील हे. माझ्या सहीखाली. कायमचं."

"माझ्या नावाखाली पण."

"हट्टीपणाला विद्वत्ता समजतेस तू."

"आणि तुम्ही किल्लीला."

हे बोलून झाल्यावर मला वाटलं, आता सही मिळत नाही. त्यांचे कान लाल झाले होते. पण परीक्षकांचा शेरा फाइलीत वरच लावलेला होता. त्यांनी सही केली, इतक्या जोरात की टोक खालच्या पानावर उमटलं, आणि प्रबंध माझ्याकडे न देता टेबलाच्या कडेला सरकवला. मी पुढे होऊन उचलला.

नोकरी मला दोन वर्षांनी येवल्याला लागली, ज्युनियर कॉलेजात. रोज एस.टी.ने जाऊन येऊन. सीनियर कॉलेजात लेक्चरर मी कधीच झाले नाही. प्रबंध आमच्या जुन्या कॉलेजच्या लायब्ररीत आहे. सरांच्या निवृत्तीच्या समारंभाचं बोलावणं आलं होतं, छापील, सोनेरी अक्षरांत. त्या दिवशी माझी प्रॅक्टिकल होती. ती पुढे ढकलता आली असती. मी ढकलली नाही.